न दिसणाऱ्या चुकांचा रकाना

आमच्या खात्याचा सगळ्यात चांगला दिवस कुठला, तर ज्या दिवशी काहीच घडलं नाही तो. म्हणजे खटल्याआधी ज्याला सोडला तो माणूस तारखेला कोर्टात आला, मधल्या काळात कामावर गेला, पोरांना शाळेत सोडलं, जेवला, झोपला. बस. याची बातमी होत नाही, कुणी पेढे वाटत नाही, वर्षाच्या शेवटी याबद्दल कुणाला प्रमोशनही मिळत नाही. वाईट दिवस मात्र संध्याकाळी सहाच्या बातम्यांत असतो, फोटोसकट.

मी अमेरिकेतल्या एका काउंटीच्या प्रीट्रायल सर्व्हिसेसमध्ये काम करतो. हे खातं नेमकं काय करतं हे इथल्या लोकांनाही धड माहीत नसतं, त्यामुळे कुणी विचारलं की मी आधी अंदाज घेतो की समोरच्याला खरंच ऐकायचंय की नुसतं 'आयटी का?' एवढं कन्फर्म करायचंय. (सुरुवात आयटीतूनच झाली, ते पुढे सांगतो.) थोडक्यात सांगायचं तर, माणसाला अटक झाली आणि गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय, हा जो मधला काळ असतो, कधी काही दिवस, कधी काही महिने, कधी वर्षाच्याही वर, तो काळ त्याने आत काढायचा की घरी, हे जज्ज ठरवतो. आणि जज्जला ठरवायला जी माहिती लागते ती गोळा करणं, आणि सोडलंच तर तो माणूस तारखेला येईल हे बघणं, हे आमचं काम.

दिसायला सोपं आहे. पहाटे आमचा ऑफिसर जेलमध्ये जातो, रात्रीत आणलेल्यांची यादी घेतो, एकेकाला समोर बसवून विचारतो, कुठे राहता, किती वर्षं, घरी कोण, काम कुठे करता, आधी कधी तारीख चुकवलीत का, आणि हे सगळं खरं आहे हे मला कोण सांगेल, त्यांचा नंबर द्या. एक प्रश्न मात्र विचारायचा नाही, तो म्हणजे 'तुम्ही हे केलंत का?'. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात तर ही माहिती गुप्त ठेवायची असं कायद्यातच लिहिलंय, आणि मोजके अपवाद सोडले तर ती दोषी ठरवण्यासाठी वापरता येत नाही. नव्या पोरांना हेच सगळ्यात जड जातं, कारण रात्रभर न झोपलेला माणूस समोर बसला की त्याला तेवढंच सांगायचं असतं, मी नाही केलं, किंवा केलं पण त्याचं असं झालं होतं की... आणि ऑफिसरला त्याला मध्येच थांबवून म्हणावं लागतं, ते तुमच्या वकिलाला सांगा, मला तुमच्या बहिणीचा नंबर द्या. कोरडं वाटतं. पण त्या माणसाचं भलं त्यातच असतं.

मग फोन. पहाटे साडेपाचला कुणाच्या तरी आईला उठवून विचारायचं की तुमचा मुलगा तुमच्याकडे राहतो का, सोडला तर ठेवून घ्याल का. काही आया रडतात, काही चिडतात, काही म्हणतात ठेवा त्याला आतच, अद्दल घडू दे. हे सगळं कोर्ट भरायच्या आत रिपोर्टात यायला हवं, कारण जज्जसमोर ती केस बऱ्याच ठिकाणी फक्त काही मिनिटं असते.

आणि हे खातं नसतं तर काय, तर पैसा. जज्ज म्हणतो जामीन पाच हजार डॉलर. ज्याच्याकडे आहेत तो भरतो आणि जातो. नसतील तर तो बेल बाँड्समनकडे, म्हणजे फी घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याकडे जातो, जेलच्या समोरच त्यांची दुकानं असतात, निऑनच्या पाट्या, चोवीस तास उघडी. बाँड्समन साधारण दहा टक्के घेतो, म्हणजे पाचशे, आणि ते पाचशे परत मिळत नाहीत, उद्या केस खोटी निघाली तरी नाहीत. ज्याच्याकडे पाचशेही नाहीत तो आत बसतो. हा असा धंदा अमेरिका सोडली तर जवळपास फक्त फिलिपिन्समध्ये चालतो. केंटकीने तो १९७६ मध्ये बंद केला आणि त्याच वेळी अख्ख्या राज्यासाठी कोर्टाच्या हाताखाली प्रीट्रायलचं खातं उभं केलं. इलिनॉय, ओरेगन, विस्कॉन्सिनमध्येही बाँड्समन नाही. बाकी बहुतेक ठिकाणी आहे.

या सगळ्याची सुरुवात मला फार आवडते, कारण ती ज्यांनी केली त्यातले दोघेही वकील नव्हते. लुई श्वाइट्झर हा केमिकल इंजिनिअर, कागदाच्या कारखान्याचा मालक. त्याच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कच्या जेलमध्ये हजारो लोक, त्यात कोवळी पोरंही, केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून महिनोन् महिने पडलीयत. हर्बर्ट स्टर्झ हा मासिकाचा तरुण संपादक. दोघांनी १९६१ मध्ये वेरा फाउंडेशन काढलं, श्वाइट्झरच्या आईचं नाव वेरा, आणि मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू केला. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे लॉचे विद्यार्थी कोठडीत जाऊन लोकांशी बोलायचे, पत्ता, नोकरी, नातेवाईक, त्याला पॉइंट द्यायचे, आणि पुरेसे पॉइंट झाले की जज्जला सांगायचे याला नुसत्या जातमुचलक्यावर सोडा. पैसा नाही, हमीदार नाही, फक्त शब्द. आणि सोडलेले जवळपास सगळे परत आले.

हा प्रयोग इतका साधा होता की तीन वर्षांत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. १९६४ मध्ये रॉबर्ट केनेडी अॅटर्नी जनरल असताना जामिनावर राष्ट्रीय परिषद झाली, आणि १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनने बेल रिफॉर्म अॅक्टवर, म्हणजे फेडरल कोर्टांसाठीच्या जामीन सुधारणेच्या कायद्यावर, सही केली. स्टर्झबद्दल मला विशेष काय वाटतं, तर त्याने आरडाओरडा केला नाही. जज्ज, पोलीस, सरकारी वकील, यांच्यापैकी कुणालाही तुम्ही चुकताय असं तोंडावर न सांगता त्याने फक्त म्हटलं, करून बघू या आणि मोजू या. लीडरशिपवरच्या सेमिनारमध्ये व्हिजन-बिजन खूप ऐकायला मिळतं, पण आमच्या क्षेत्रात ज्यांनी काही बदललं ते बहुतेक मोजणारे लोक होते.

आता माझं. मी आलो तो कंत्राटावर, कोर्टाच्या तारखांचे मेसेज पाठवायची सिस्टीम बसवायला. तेव्हा मला वाटायचं की जो तारखेला येत नाही तो पळालाय. बहुतेकांना असंच वाटतं, सिनेमात तसंच दाखवतात ना, बॅग भरली, बॉर्डर ओलांडली. प्रत्यक्षात फाइली उघडून बघितल्या तर पळालेले अगदी थोडे. बाकीचे विसरले, किंवा कागदावरची तारीख वाचता आली नाही, शिफ्ट बदलून मिळाली नाही, पोराला सांभाळायला कुणी नव्हतं, बस चुकली, किंवा त्याच दिवशी दुसऱ्या काउंटीत दुसरी तारीख होती. आणि वॉरंट मात्र सगळ्यांना सारखंच निघतं.

न्यूयॉर्क शहरात यावर एक मोठं काम झालं, ते २०२० मध्ये सायन्स या जर्नलमध्ये छापून आलं. त्यांनी समन्सचा कागद नव्याने मांडला, तारीख आणि जागा वरच मोठ्या अक्षरात घेतली, तेवढ्याने गैरहजेरी साधारण १३ टक्क्यांनी कमी झाली. फोनवर आठवणीचे मेसेज पाठवले तर २१ टक्क्यांनी. एक कागद आणि एक मेसेज, बाकी काही नाही. यात धडाडी कुठेच नाही, फोटोला काही नाही. पण मेसेज किती वाजता जाणार, कुठल्या भाषेत जाणार, त्यात 'आला नाहीत तर वॉरंट निघेल' एवढंच असणार की कोर्टाची खोली कितवी आणि कुठल्या दाराने आत यायचं हेही असणार, हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि मीटिंगमध्ये त्यासाठी भांडावं लागतं. आमच्याकडे खोलीचा नंबर घालावा की नाही यावरून जे काही झालं ते सांगायला वेगळा लेख लागेल. शेवटी घातला.

कंत्राट संपलं आणि मी तिथेच राहिलो. पगार कमी झाला. का राहिलो हे विचारलं की मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं उत्तर देतो, पण खरं कारण म्हणजे तेव्हाच्या आमच्या डायरेक्टर बाई. सोशल वर्कमधून आलेल्या, पुढे प्रोबेशनमध्ये, म्हणजे दोषी ठरून बाहेर असलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात, मग इथे. कंत्राटाच्या सुरुवातीलाच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती जी मला डेटा शिकवणाऱ्या कुणी कधी सांगितली नव्हती. म्हणाल्या, आपण दोन प्रकारे चुकू शकतो. ज्याला सोडू नये त्याला सोडा म्हणून सांगणं ही एक चूक, आणि जो निमूटपणे परत आला असता त्याला आत ठेवा म्हणून सांगणं ही दुसरी. पहिली चूक झाली की अख्ख्या गावाला कळते. दुसरी कुणालाच कळत नाही, कारण आत असलेला माणूस तारखेला येतोच, बेड्या घालून आणतात त्याला, आणि बाहेर असता तर आला असता हे सिद्ध करायला तो बाहेर नसतो. मग तुझ्या रिपोर्टात कुठली चूक दिसेल?

मी म्हटलं, पहिली.

मग माझे ऑफिसर कुठली चूक टाळायला शिकतील?

या धंद्यातल्या लीडरशिपबद्दल मला जे काही कळलंय ते सगळं या एका प्रश्नातून आलंय. कुणी वाईट नसतं, कुणी निष्ठुर नसतं, पण एक चूक महागात पडते आणि दुसरी फुकट असते, आणि माणसं फुकट ते घेतात. जज्ज तेच करतो, सरकारी वकील तेच करतो, आमचा ऑफिसर तेच करतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपण फक्त सावध आहोत. त्या सावधपणाचं बिल जो भरतो तो तेव्हा खोलीत नसतो. त्याची नोकरी जाते, घर जातं, आणि बरेचदा तो गुन्हा कबूल करून टाकतो कारण कबूल केलं तर आजच घरी जाता येतं. हे शेवटचं नुसतं माझं म्हणणं नाही. फिलाडेल्फिया आणि मायामीच्या केसेसवर तीन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात दिसलं की खटल्याआधी सुटलेल्यांमध्ये दोषी ठरण्याचं प्रमाण कमी होतं, मुख्यतः कबुलीजबाब कमी झाल्यामुळे, आणि पुढे त्यांना रीतसर नोकरी मिळण्याचं प्रमाणही जास्त होतं.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावात ख्रिसमसच्या मिरवणुकीत एकाने गाडी घातली, सहा जण गेले, साठाहून जास्त जखमी झाले. तो माणूस थोड्याच दिवसांपूर्वी शेजारच्या मिल्वॉकी काउंटीतून एक हजार डॉलर जामीन भरून सुटला होता. जामीन फारच कमी मागितला गेला असं तिथल्या सरकारी वकिलांच्या ऑफिसनेच नंतर मान्य केलं. नीट बघितलं तर ही पैशाच्या जामिनाची गोष्ट आहे, कुणीतरी हजार डॉलर आणून दिले आणि दार उघडलं, धोका किती याच्याशी त्या हजाराचा काही संबंध नव्हता. पण दुसऱ्या दिवशी देशभरातल्या आमच्यासारख्या ऑफिसात काय झालं असेल ते मी आमच्याकडे झालं त्यावरून सांगू शकतो. कुणी आदेश काढला नाही, एक ईमेलही नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत 'सोडावं' अशा शिफारशी कमी झाल्या. माणसं तीच, गुन्हे तेच, रिपोर्टातली भाषा मात्र थोडी आवळलेली. 'पत्ता तपासला' च्या जागी 'पत्ता पूर्णपणे तपासता आला नाही'.

मी या आकड्यांचा तक्ता बाईंकडे नेला. त्यांनी सोमवारच्या मीटिंगमध्ये तो भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, शिफारशीखाली सही तुमची असते, पण उद्या काही झालं तर कॅमेऱ्यासमोर मी उभी राहीन, तुमच्यातलं कुणी नाही. मात्र फाइलमध्ये मला कारण म्हणून भीती दिसली तर आपण बोलू.

असं म्हणणं सोपं असतं, म्हणा. वेळ आली ती पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या शिफारशीवरून सोडलेल्या एकाने एका दुकानात शिरून मालकाला मारलं, मालक हॉस्पिटलमध्ये. लोकल चॅनेलवर दिवसभर तेच. काउंटीच्या बोर्डापुढे बाईंना बोलावलं, आणि एका मेंबरने थेट विचारलं, कुठल्या ऑफिसरने हा रिपोर्ट केला, नाव सांगा. बाई म्हणाल्या, रिपोर्ट माझ्या ऑफिसचा आहे, नाव माझं लिहा. मग शांतपणे त्या माणसाची त्या दिवशीची माहिती वाचली, जेवढी वाचता येत होती तेवढी, आणि म्हणाल्या, ही माहिती आज परत माझ्यासमोर आली तर मी हीच शिफारस करीन. हॉलमध्ये लोक ओरडले. दुकानदाराची मुलगी तिथे बसली होती, मीटिंगनंतर बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या, काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि माफी-बिफीचं नाटक कॅमेऱ्यासाठी त्यांनी केलं नाही एवढं मात्र बघितलं.

मला त्या दिवसापेक्षा त्यानंतरची सकाळ महत्त्वाची वाटते. ज्या ऑफिसरचा तो रिपोर्ट होता ती पहाटे जेलमध्ये गेली आणि नेहमीसारख्याच शिफारशी लिहून आली. मी आकडे बघत होतो. हललेच नाहीत.

आता एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे लिहायला हवी की प्रीट्रायलचं खातं असलं म्हणजे आपोआप लोक सुटतात असं अजिबात नाही. फेडरल कोर्टांचंच बघा. १९७४ च्या कायद्याने आधी दहा जिल्ह्यांत प्रयोग म्हणून हे खातं आलं, १९८२ मध्ये देशभर पसरवलं. आणि १९८४ मध्ये नवा बेल रिफॉर्म अॅक्ट आला, ज्यात पळून जाईल का एवढंच न बघता समाजाला धोका आहे का हेही बघून जामीन पूर्ण नाकारायची सोय झाली. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने माफियातल्या अँथनी सालेर्नोच्या केसमध्ये तो कायदा उचलून धरला. गंमत म्हणजे त्याच निकालात चीफ जस्टिस रेनक्विस्टने लिहिलं की आपल्या समाजात स्वातंत्र्य हा नियम आहे आणि खटल्याआधीची कोठडी हा काळजीपूर्वक मर्यादित ठेवलेला अपवाद. हे वाक्य प्रत्येक ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर असतं. आणि बॉर्डरवरच्या इमिग्रेशनच्या केसेस धरल्या तर आज फेडरल कोर्टात चारातले साधारण तिघं आतच असतात. अपवाद केव्हाच नियम झाला, आणि हे होताना प्रत्येक जिल्ह्यात आमच्यासारखी शिकलेली, सुजाण माणसं प्रीट्रायलच्या खुर्च्यांवर बसलेली होती, रिपोर्ट लिहीत होती.

उलट वॉशिंग्टन डी.सी. बघा. तिथलं खातं साठच्या दशकापासूनचं, आणि १९९२ पासून तिथे कायदा असा आहे की ज्याला परवडणार नाही असा जामीन लावून कुणाला आत ठेवता येत नाही. आत ठेवायचंच असेल तर उघड सुनावणी घ्या, कारण सांगा. नाहीतर सोडा. तिथे बहुसंख्य लोक एक पैसा न भरता सुटतात आणि बहुसंख्य परतही येतात. मला वाटतं फरक कायद्यात आहेच, पण त्या खात्याला पिढ्यान् पिढ्या आपलं काम काय आहे हे माहीत असण्यातही आहे. नव्या डायरेक्टरला तिथे पहिल्यापासून भांडावं लागत नाही.

आणि कधी कधी लीडर आमच्या खात्यात नसतोच, तो वर असतो. न्यू जर्सीत २०१३ च्या एका अहवालात दिसलं की जेलमधले १२ टक्के लोक केवळ अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी जामीन भरता आला नाही म्हणून आत होते. चीफ जस्टिस स्टुअर्ट रॅबनरने सरकारी वकील, बचावाचे वकील, जज्ज, आमदार, सगळ्यांना एका कमिटीत बसवलं. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट, तरी २०१४ मध्ये कायदा झाला, लोकांनी मतदानाने राज्यघटना बदलली, आणि १ जानेवारी २०१७ ला नवी पद्धत सुरू झाली. मधली दोन वर्षं बसून तयारी केली, प्रीट्रायलचे ऑफिसर भरले, कॉम्प्युटर जोडले. २०१५ च्या अखेरीपासून २०१८ च्या अखेरीपर्यंत खटल्याआधी आत असलेल्यांची संख्या ४४ टक्क्यांच्या आसपास घटली. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये घाईत कायदा केला, पैशाचा जामीन रद्द, पण बाँड्समन लोकांनी तो सार्वमतात ओढला, जुने सुधारणावालेही विरोधात गेले कारण त्यांना त्यातल्या अल्गोरिदमवर भरवसा नव्हता, आणि २०२० मध्ये लोकांनी तो फेटाळला. इलिनॉयने मात्र १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन पूर्ण बंद केला, असं करणारं पहिलं राज्य.

अल्गोरिदमचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे जोखीम मोजायची जी साधनं वापरतात त्यातलं सगळ्यात माहितीतलं पब्लिक सेफ्टी असेसमेंट, त्यात नऊ गोष्टी बघतात. वय, आत्ताचा आरोप हिंसेचा आहे का, आधीच एखादी केस चालू आहे का, पूर्वीच्या शिक्षा, चुकवलेल्या तारखा वगैरे. त्यात मुलाखतीची गरजच नाही, सगळं रेकॉर्डवरून. मी आकड्यांचा माणूस, मला हे आवडायला हवं, आणि सुरुवातीला आवडलंही. पण ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथल्या पोरांचं रेकॉर्ड जास्त, आणि रेकॉर्ड जास्त म्हणून स्कोअर जास्त, हे चक्र कुठलंही सॉफ्टवेअर तोडत नाही. प्रीट्रायल जस्टिस इन्स्टिट्यूट या संस्थेने वर्षानुवर्षं या साधनांचा पुरस्कार केला, आणि २०२० च्या सुरुवातीला जाहीर सांगून टाकलं की आम्ही आता यांना पाठिंबा देत नाही. क्षेत्रातले बरेच लोक रागावले, अजूनही रागावलेले आहेत. मला त्यांचं सगळं पटलं असं नाही, कारण स्कोअर काढून टाकला की जज्जच्या मनातला स्कोअर उरतो आणि तो तर तपासताही येत नाही. पण ज्या गोष्टीवर संस्थेचं नाव झालं तीच गोष्ट सोडतोय असं उघड म्हणणं, ते धाडस मी फार थोड्या ठिकाणी बघितलंय.

करिअरचं विचारणारे बरेच असतात, विशेषतः क्रिमिनल जस्टिस किंवा सोशल वर्क शिकणारी मुलं. सरळ सांगतो. फेडरलमध्ये जायचं असेल तर पदवी हवी, बॅकग्राउंड चेक, मेडिकल, ड्रग टेस्ट, आणि पहिली नेमणूक वयाच्या सदतिसाव्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवी, म्हणजे तिशीत निवांत विचार करू म्हणणाऱ्यांनी जरा घाई करा. ट्रेनिंग साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला. पगार, पेन्शन चांगलं. काउंटीत आणि राज्यात वय-बियचं एवढं नसतं, पैसेही नसतात. आणि नोकरी घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा की हे ऑफिस कुणाच्या हाताखाली आहे. कुठे ते कोर्टाचं असतं, कुठे शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, कुठे प्रोबेशनचं, न्यूयॉर्क शहरात क्रिमिनल जस्टिस एजन्सी ही स्वतंत्र ना-नफा संस्था हे काम बघते. शेरीफ निवडून येतो, त्याच्या हाताखालचं ऑफिस निवडणुकीच्या वर्षात वेगळं वागतं, यात त्या माणसांचा दोष नाही पण तुम्हाला माहीत असायला हवं. प्रोबेशनच्या हाताखाली असेल तर सवय वेगळी लागते, तिथे माणूस दोषी ठरलेला असतो, त्याच्यावर अटी लादायची मुभा असते. आपल्याकडचा माणूस अजून निर्दोष आहे हे रोज सकाळी स्वतःला सांगावं लागतं. ज्यांना ते जमत नाही ते सगळ्यांना पायाच्या घोट्याला बांधायचा, माणूस कुठे आहे ते कळवणारा मॉनिटर लावत सुटतात.

वर चढण्याबद्दल. इथे जो चांगला मुलाखत घेतो त्याला सुपरवायझर करतात आणि मग तो परत कधी मुलाखत घेत नाही. हे बहुतेक सगळ्याच धंद्यांत होतं, पण इथे त्याचं नुकसान जास्त आहे असं मला वाटतं, कारण एकदा जेलच्या त्या खोलीचा वास विसरला की माणसं फाइलीच दिसायला लागतात. आमच्या बाई डायरेक्टर झाल्यावरही अधूनमधून पहाटेची शिफ्ट घ्यायच्या, न सांगता, आणि ऑफिसर लोक जाम वैतागायचे, कारण बाईंच्या मुलाखती लांबायच्या. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ करेक्शन्सचं नव्या प्रीट्रायल डायरेक्टरांसाठी ट्रेनिंग असतं, फेडरलवाल्यांसाठी फेडरल ज्युडिशियल सेंटरचा लीडरशिप प्रोग्राम आहे, १९७३ पासूनची राष्ट्रीय संघटना आहे तिची परिषद असते, सर्टिफिकेट असतं. जा जरूर. तिथे शिकण्यापेक्षा ओळखी होतात त्या कामाला येतात, कारण या खुर्चीत बसलेला माणूस आपल्या काउंटीत एकटाच असतो, वाईट दिवशी फोन करायला दुसऱ्या काउंटीतला तसाच कुणीतरी लागतो.

बाई रिटायर झाल्या. जाण्याआधी त्यांनी मासिक रिपोर्टात एक रकाना वाढवून घेतला होता. आम्ही सोडा म्हटलं होतं, तरी पैशाचा जामीन लागला, भरता आला नाही, माणूस आत राहिला आणि शेवटी केसच काढून टाकली गेली, अशी माणसं किती आणि त्यांचे आत गेलेले दिवस एकूण किती. दुसऱ्या चुकीला निदान एक जागा. बोर्डावरच्या कुणी त्याबद्दल कधी प्रश्न विचारलेला मला आठवत नाही, पण एका जज्जने एकदा चेंबरमध्ये बोलावून विचारलं होतं की यातले माझे किती. मी दिले आकडे.

नवे डायरेक्टर चांगले आहेत, बजेटमध्ये हुशार, लॉ स्कूलचे. मागच्या महिन्यात म्हणाले रिपोर्ट फार लांबलाय, एका पानात बसव, बोर्ड एवढंच वाचतं. बरोबर आहे त्यांचं, वाचत नाहीतच. मी सगळं एका पानात बसवलं, दोन तक्ते काढले, ग्राफ छोटा केला, अक्षर नऊ पॉइंटवर आणलं. तो रकाना ठेवलाय. अजून त्यांनी काही म्हटलेलं नाही, पुढच्या आठवड्यात बजेटची मीटिंग आहे, तिथे कदाचित म्हणतील.